‘बॅक डेटमध्ये टाकून दे’: चुकीच्या महिन्यात गेलेली एन्ट्री आता कशी दुरुस्त होते?

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कुठल्याही अकाउंट्सच्या केबिनबाहेर पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: ‘अरे, ते बॅक डेटमध्ये टाकून दे.’ म्हणजे मार्चचं एखादं बिल राहून गेलंय. सॉफ्टवेअरमध्ये तारीख मागे घ्यायची, एन्ट्री मारायची, विषय संपला.

गेल्या काही वर्षांत मात्र हा विषय इतक्या सहज संपेनासा झालाय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून जीएसटीआर-३बी मध्ये आपोआप येणारा विक्रीवरच्या कराचा आकडा हाताने बदलता येणार नाही, असं जीएसटी नेटवर्कने जाहीर केलं. तीन वर्षांहून जुनी रिटर्न पोर्टलवर भरता येणार नाहीत, असा नियमही आला. कायदा, सरकारी पोर्टल आणि खासगी सॉफ्टवेअर, तिघांचाही रोख एकीकडेच आहे: जुनी नोंद पुसू नका, तिच्यापुढे नवी नोंद करा. अडचण अशी की तिघांचा वेग सारखा नाही, आणि त्यांच्यात जे अंतर पडतं त्यात सापडतो तो बहुतेक वेळा लहान व्यापारी, नाहीतर त्याच्याकडे नुकताच लागलेला अकाउंटंट.

मी ईआरपीच्या अकाउंट्स मॉड्यूलवर काम करतो. दिवसभर ‘पोस्टिंग डेट’ हा शब्द इतका ऐकतो की घरी दुधाचं बिल आलं तरी आधी तारीख बघतो. विषय कोरडा आहे, मान्य. पण तुम्ही सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करत असाल, घरच्या दुकानाचं टॅली सांभाळत असाल किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात क्लायंटला इन्व्हॉइस पाठवणारे फ्रीलान्सर असाल, तर तो थेट तुमच्या खिशाशी जोडलेला आहे.

एका बिलाच्या तीन तारखा

फोनची गॅलरी उघडा. दिवाळीत मावशीने काढलेला फोटो तिने जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर गॅलरी तो बऱ्याचदा जानेवारीत दाखवते. फोटो दिवाळीचा, पण तुमच्या फोनला तो मिळाला जानेवारीत. आता ‘दिवाळीचे सगळे फोटो दाखव’ म्हटलं की हा त्यात येत नाही. हिशेबात नेमकं हेच होतं. फरक इतकाच की तिथे फोटोऐवजी कर असतो.

व्यवहाराला तीन वेगवेगळ्या तारखा असतात. पहिली बिलावर छापलेली. दुसरी, ज्या दिवशीच्या हिशेबात तो व्यवहार धरला ती, म्हणजे पोस्टिंग डेट. तिसरी, ज्या क्षणी कुणीतरी कीबोर्डवर बसून तो टाइप केला तो क्षण. एसएपीसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये या तिन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत साठवल्या जातात. पहिल्या दोन तुम्ही भरता, तिसरी सिस्टिम स्वतः टाकते आणि ती तुम्हाला बदलता येत नाही. ‘बॅक डेट’ करताना माणूस फक्त मधली तारीख हलवत असतो. तिसरी तारीख शांतपणे बसून सगळं बघत असते.

चूक होते कशी? बहुतेक वेळा अगदी साध्या कारणाने. टॅलीत शेवटची नोंद ज्या तारखेची, तीच तारीख पुढच्या व्हाउचरला येते. एफ२ दाबून बदलली नाही तर ५ एप्रिलला टाकलेली दहा व्हाउचरं ३१ मार्चच्या नावावर जाऊन बसतात. उलट्या बाजूने, सप्लायरचं २९ मार्चचं बिल कुरियरने ४ एप्रिलला येतं आणि टाकणारा आजच्या तारखेने टाकून मोकळा होतो. लबाडी यात काहीच नसते. पण मार्चचा खर्च एप्रिलमध्ये, म्हणजेच पुढच्या आर्थिक वर्षात गेला. या वर्षीचा नफा तेवढ्याने फुगला, पुढच्या वर्षीचा तेवढ्याने घटला.

खोडरबर की उलट नोंद?

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला, व्हाउचर उघडा, तारीख बदला, सेव्ह करा. दुसरा, चुकीच्या नोंदीची बरोबर उलटी नोंद करून तिचा परिणाम शून्य करा आणि मग योग्य तारखेने नवी नोंद टाका. पहिल्यात एक नोंद राहते, दुसऱ्यात तीन.

नवशिक्याला दुसरा मार्ग म्हणजे उगाच कागद वाढवणं वाटतं. पण जुन्या पेढ्यांवर किर्द-खतावणी लिहिणारे मुनीम हेच करत. खाडाखोड केलेली वही संशयास्पद मानली जायची, त्यामुळे चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. खालचा चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे, ही त्यातली खुबी. कॉम्प्युटरने आपल्याला बॅकस्पेस दिला आणि ती शिस्त मोडली. आता कायदा तीच शिस्त परत आणतोय.

वेगवेगळी सॉफ्टवेअरं हे वेगवेगळ्या कडकपणाने करतात. एसएपीत महिना ‘बंद’ करता येतो. बंद महिन्यात नोंद टाकायला गेलात की सिस्टिम सरळ एरर देते. तिथे कागदपत्र उलटवताना कारण निवडावं लागतं, आणि उलट नोंद मूळ तारखेला पडणार की चालू महिन्यात, ते त्या कारणावर ठरतं. मुंबईत सुरू झालेल्या ईआरपीनेक्स्ट या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर ‘सबमिट’ केलं की त्याची तारीख किंवा रक्कम बदलता येत नाही. कॅन्सल करून अमेंड करायचं, आणि नव्या कागदपत्राच्या नंबरमागे ‘-१’ लागतं. ते ‘-१’ बघूनच ऑडिटरला कळतं की इथे काहीतरी घडलंय. टॅली मात्र पूर्वीपासून मोकळं. त्याच्या लोकप्रियतेचं एक कारण तेच आहे, असं माझं मत.

माल असेल तर प्रकरण आणखी अवघड. समजा १०० पोती साखर मार्चमध्ये आली, पण नोंद एप्रिलमध्ये झाली. मधल्या काळात त्यातली ४० पोती विकलीही गेली. आता खरेदीची तारीख मागे नेली तर साठ्याची सरासरी किंमत तिथपासून बदलते, आणि नंतरच्या प्रत्येक विक्रीचा खर्च सिस्टिमला पुन्हा मोजावा लागतो. एक तारीख बदलली आणि शेकडो नोंदी हलल्या, असं होऊ शकतं. म्हणूनच एसएपीच्या माल-साठ्याच्या भागात फक्त चालू महिना आणि त्याच्या लगेच आधीचा महिना एवढेच उघडे राहू शकतात. त्यामागे जायला जागाच ठेवलेली नाही. ‘इतकं काय कडक?’ असं युजर आम्हाला विचारतात. उत्तर या साखरेच्या पोत्यांत आहे.

आणि वर्ष पूर्ण बंद झालं, ताळेबंदावर सह्या झाल्या, त्यानंतर चूक सापडली तर? मग मागचं वर्ष उघडायचंच नाही. लहान कंपन्यांना लागू असलेल्या जुन्या मानकानुसार, म्हणजे एएस ५ नुसार, ती रक्कम चालू वर्षाच्या नफा-तोट्यात ‘मागील कालावधीची बाब’ म्हणून वेगळी दाखवतात. मोठ्या कंपन्यांच्या इंड एएस ८ मध्ये चूक मोठी असेल तर यंदाच्या अहवालात तुलनेसाठी छापलेले गेल्या वर्षीचे आकडे दुरुस्त करून मांडायचे असतात. दोन्हीकडे वाचणाऱ्याला चूक दिसते.

लॉगमध्ये नाव कुणाचं?

कंपनी कायद्याखालच्या लेखा नियमांत मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कंपनी जे अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरते त्यात प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, बदल कधी झाला त्याचा लॉग तयार झाला पाहिजे, आणि ही सोय बंद करता येता कामा नये. ऑडिटरलाही आपल्या अहवालात लिहावं लागतं की हा माग वर्षभर चालू होता का आणि त्याच्याशी कुणी छेडछाड केली का. कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात, त्यामुळे हा लॉगही तेवढाच काळ. टॅलीने यासाठी ‘टॅलीप्राइम एडिट लॉग’ हे वेगळं प्रॉडक्टच काढलं, ज्यात लॉग बंद करायचं बटणच नाही.

हे चांगलंच झालं, यात मला शंका नाही. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या खुर्चीतून दोन गोष्टी खटकतात.

पहिली: लॉग ‘कुणी’ आणि ‘कधी’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. आमच्याकडे तारीख बदलताना कारण लिहायचा रकाना आहे. तो सक्तीचा केल्यावर लोक काय लिहितात? ‘ओके’. ‘करेक्शन’. एका क्लायंटच्या डेटामध्ये सलग कित्येक ओळी फक्त एक टिंब होतं.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. लॉगमध्ये नाव येतं ते एन्ट्री मारणाऱ्याचं. ‘बॅक डेटमध्ये टाक’ असं सांगणाऱ्या मालकाचं किंवा मॅनेजरचं नाव त्यात कुठेच नसतं. एका कंपनीत (नाव सांगत नाही) आम्ही सिस्टिम बसवायला गेलो होतो. तिथे सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीच्या लॉगिनवरून मार्च महिन्यातली विक्रीची बरीच व्हाउचरं मागेपुढे झालेली दिसत होती. तिला विचारलं तर म्हणाली, ‘सर सांगतील तसं करते, दादा.’ सर केबिनमध्ये होते. सरांचं स्वतःचं लॉगिनच नव्हतं! उद्या ऑडिटरने बोट ठेवलं तर स्क्रीनवर दिसणारं नाव तिचं.

त्यामुळे या क्षेत्रात नुकतेच आला असाल तर तीन सवयी आत्ताच लावून घ्या. आपला पासवर्ड कुणाला देऊ नका, आणि ऑफिसभर मिळून एकच ‘अ‍ॅडमिन’ लॉगिन वापरत असतील तर स्वतःसाठी वेगळं मागा. तारीख बदलायला तोंडी सांगितलं तर ‘सर, एक मेल टाकता का, नॅरेशनमध्ये लिहायला लागतं’ असं नम्रपणे म्हणा. आणि नॅरेशनमध्ये खरंच लिहा: ‘सप्लायरचं २९ मार्चचं बिल ४ एप्रिलला मिळालं, म्हणून एप्रिलची नोंद उलटवून मार्चमध्ये घेतली.’ एवढं एक वाक्य दोन वर्षांनी तुमची बाजू मांडतं.

एक महत्त्वाची मर्यादा: हा नियम कंपन्यांना आहे. प्रोप्रायटरी दुकान किंवा भागीदारी फर्मला तो लागू नाही. म्हणजे गावातली बहुतेक दुकानं त्यातून सुटली. पण त्यांच्यावर जीएसटी पोर्टलची नजर आहेच.

एअरटेलचे ९२३ कोटी

चुकीच्या कालावधीची दुरुस्ती किती महाग पडू शकते, याचं देशातलं एक मोठं उदाहरण कदाचित तुमच्या सिममध्येच असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सप्लायरची बिलं आपोआप दाखवणारा जीएसटीआर-२ए हा फॉर्म सुरुवातीला चालूच नव्हता. भारती एअरटेलचं म्हणणं असं की त्यामुळे जुलै ते सप्टेंबर २०१७ या तीन महिन्यांत त्यांनी इनपुट टॅक्स क्रेडिट कमी दाखवलं आणि तेवढा कर रोखीने भरला. नंतर हिशेब लागला तेव्हा जादा भरलेली रक्कम ९२३ कोटी रुपये निघाली. कंपनीने मागितलं ते इतकंच: त्याच तीन महिन्यांची रिटर्न दुरुस्त करू द्या आणि पैसे परत द्या.

मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवानगी दिली. २८ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण समजून घेण्यासारखं आहे. क्रेडिट किती ते तुमच्या स्वतःच्या हिशेबाच्या वह्यांवरून काढणं ही तुमची जबाबदारी, पोर्टल फक्त मदतीला. आणि जुना महिना उघडला की त्याच्याशी जोडलेल्या सप्लायर-ग्राहकांचे हिशेबही हलतात. म्हणून दुरुस्ती करायची ती ज्या महिन्यात चूक लक्षात आली त्याच्या रिटर्नमध्ये. मघाच्या साखरेच्या पोत्यांचंच गणित, फक्त देशपातळीवर.

मग मार्च २०२५ मध्ये दुसरी बाजू आली. अ‍ॅबरडेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीला मुंबई उच्च न्यायालयाने रिटर्नमधली चूक मुदतीनंतरही दुरुस्त करू दिली होती. त्याविरुद्ध कर विभाग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे याचिका फेटाळली गेली. कारकुनी चुका माणसाकडून होतच असतात, सरकारचं नुकसान नसेल तर त्या सुधारण्याचा हक्क नाकारायला सबळ कारण लागतं, आणि ‘सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही’ हे सबळ कारण होत नाही, कारण सॉफ्टवेअर बदलता येतं, असा न्यायालयाचा सूर होता. दुरुस्तीच्या मुदती वास्तववादी आहेत का, ते पुन्हा तपासा, असंही विभागाला सांगितलं गेलं.

हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात. मला दोन्ही पटतात. जुना महिना पुन्हा उघडू नये, हे सिस्टिम म्हणून बरोबर. पण पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा रस्ता ठेवलाच नाही, किंवा तो फार लवकर बंद केला, तर ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची सोय झाली. त्याला कराचा नियम म्हणू नये.

आज रस्ते कोणते आहेत? एक उदाहरण घेऊ. २९ मार्चचं विक्रीचं बिल, माल १,००,००० रुपयांचा, १८ टक्क्यांनी १८,००० जीएसटी. मासिक रिटर्न भरणाऱ्याला मार्चचं जीएसटीआर-१ हे ११ एप्रिलपर्यंत आणि ३बी हे २० एप्रिलपर्यंत भरायचं असतं. जीएसटीआर-१ भरल्यावर कळलं की हे बिल राहिलं, तर ३बी भरायच्या आधी जीएसटीआर-१ए मध्ये ते घालता येतं. ही सोय २०२४ मध्ये आली, आणि ३बी मधला आकडा लॉक झाल्यावर तर तिचं महत्त्व दुप्पट झालंय. ३बी सुद्धा भरून झालं असेल, तर बिल एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये त्याच्या मूळ तारखेनेच दाखवायचं. करावर व्याज लागेल: १८,००० रुपये रोखीने भरायचे होते असं धरलं, तर वार्षिक १८ टक्क्यांनी ३० दिवसांचं साधारण २६६ रुपये. एवढंच. २६६ रुपये वाचवायला इन्व्हॉइसची तारीख २ एप्रिल करणारी माणसं मी पाहिली आहेत. मग ग्राहकाकडे असलेल्या छापील बिलावर २९ मार्च, पोर्टलवर २ एप्रिल, आणि त्याचं क्रेडिट जुळत नाही म्हणून फोनवर फोन. ई-इन्व्हॉइस लागू असेल तर हा खेळ जमतच नाही. पोर्टल स्वतःची पोचतारीख देतं आणि तिथून बिल रद्द करायला फक्त २४ तास मिळतात.

खरेदीच्या बाजूला एक बारकावा आहे, तो बरेच जण चुकवतात. सप्लायरचं मार्चचं बिल उशिरा आलं तर खर्च मार्चचाच. त्यासाठी ३१ मार्चला प्रोव्हिजन करा आणि १ एप्रिलला ती उलटवा. पण त्याच बिलाचं जीएसटी क्रेडिट मार्चमध्येच घेतलं पाहिजे असं नाही. ते पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोवर, घेता येतं. एकच कागद, दोन कायदे, दोन मुदती. ३० नोव्हेंबर उलटला की मात्र क्रेडिट गेलं. फोनच्या कॅलेंडरमध्ये एक रिमाइंडर टाकायचा असेल तर तो या तारखेचा टाका.

फ्रीलान्सरचं मार्च-एप्रिल

तुम्ही २८ मार्चला ५०,००० रुपयांचं इन्व्हॉइस पाठवलं आणि ते उत्पन्न त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवलं. क्लायंटने बिल एप्रिलमध्ये बुक केलं आणि टीडीएसही तेव्हाच कापला. आता उत्पन्न एका वर्षात, टीडीएस दुसऱ्या वर्षात. सरकारच्या नोंदीत दोन्ही जुळत नाहीत आणि कापलेल्या कराचं क्रेडिट अधांतरी राहतं.

तुम्ही पैसे हातात आल्यावरच उत्पन्न धरत असाल, म्हणजे रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवत असाल, तर प्रश्न सोपा: उत्पन्न आणि टीडीएस दोन्ही नव्या वर्षात. पण बिलाच्या तारखेने उत्पन्न दाखवणाऱ्यांना पूर्वी मार्गच नव्हता. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्यासाठी फॉर्म ७१ आला. ज्या वर्षी टीडीएस कापला गेला ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षांच्या आत तो ऑनलाइन भरायचा, की जुन्या वर्षाच्या हिशेबात क्रेडिट मिळतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुने यूट्यूब व्हिडिओ बघून कलम शोधत बसू नका. पोर्टलवर आपल्या वर्षाला कोणता फॉर्म लागू आहे ते बघा किंवा सीएला विचारा.

त्याहून सोपा उपाय आधीच करता येतो. इन्व्हॉइस पाठवतानाच क्लायंटच्या अकाउंट्सला दोन ओळींचा मेल टाका: बिल मार्चचं आहे, पैसे नंतर दिलेत तरी चालेल, पण ३१ मार्चला प्रोव्हिजन धरा. रक्कम खात्यात जमा धरली की त्याच वेळी टीडीएस कापायचा असतो, प्रत्यक्ष पैसे जाईपर्यंत थांबायचं नसतं. हे त्यांनाही माहीत असतं, फक्त वर्षअखेरीच्या गर्दीत तुमचं बिल खाली राहतं. मार्चमध्येच टीडीएस कापला गेला, तर दोन्ही बाजूंच्या वह्या एकाच वर्षात राहतात आणि फॉर्म भरायची वेळच येत नाही.